मायचं नाव कुठं लिहायचं?

नायगावात वर्षश्राद्धाची स्मरणिका छापायला टाकली, की डीटीपीवाला पोरगा दोन गोष्टी मागतो: फोटो आणि मजकूर. मजकूर नसला तरी अडत नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर तो तयारच असतो. त्यागमूर्ती, कष्टाळू, प्रेमळ, पोटाला चिमटा काढून लेकरं शिकवणारी. नाव आणि तिथी बदलली की काम झालं. नांदेडहून देगलूर-हैदराबादकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावी अशाच एका मजकुरावरून दोन भावंडांत जे वाजलं, ते सांगण्यासारखं आहे. त्यांची नावं देत नाही. अशी भावंडं नायगाव, बिलोली, मुखेडला आणि पलीकडं लातूर जिल्ह्यात उदगीर-अहमदपूरलाही गल्लोगल्ली सापडतील. अशी मायही.

थोरले दादा निवृत्त मराठी शिक्षक. धाकटी बहीण तलाठी म्हणून नोकरी करून नुकतीच मोकळी झालेली. माय अंगठा उठवणारी. काळ्या रानात जन्म काढला आणि मागच्या वर्षी गेली. दादांनी स्मरणिकेसाठी लेख लिहिला होता. त्याचं पहिलंच वाक्य 'श्यामची आई'चं नाव घेऊन सुरू होत होतं.

बहिणीनं तो ओसरीवर बसून सगळा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "दादा, लेख चांगला उतरलाय. पण ही आपली माय नाही."

"कामून?"

"यात ती कुठं काही करतच नाही. नुसती सोसते. पहिल्या पानावर सोसते, तिसऱ्या पानावर सोसते, शेवटी देवाघरी जाते. आपल्या मायचं तोंड किती चालायचं, ते तरी लिहा!"

दादांना हे लागलं. पस्तीसेक वर्षं वर्गात मराठी शिकवलेला माणूस. त्यांनी आपली बाजू मांडली, आणि ती काही लेचीपेची नव्हती. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत, मोजक्या दिवसांत पुस्तक लिहून काढलं; १९३५ला ते बाहेर आलं. १९५३ला आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. "आई गेल्यावर सोळा वर्षांनी, तुरुंगात बसून, एका लेकानं आठवणीतून तिला उभी केली," दादा म्हणाले. "दोन-तीन पिढ्यांचे डोळे त्या पुस्तकानं ओले केले. तुझ्या सात-बाऱ्यानं कुणाचे डोळे ओले झालेत का?"

"झालेत की. रोज होतात. तहसीलच्या आवारात येऊन बघा."

इथं दादांना हसू आलं, आणि वाद भांडणाकडं न जाता पुढं सरकला.

बहिणीचं म्हणणं होतं, की 'श्यामची आई'त आपण आईला श्यामच्या कानांनी ऐकतो. ती उपदेश करते तो श्यामला, रडते ती श्यामसाठी. श्यामच्या आईला, यशोदाबाईंना, स्वतःला काय वाटत होतं, घरची पत घसरताना त्यांनी घर कसं चालवलं, कुणाचा राग आला, कुणाशी कडाक्याचं वाजलं, हे सारं लेकाच्या मायेतून गाळून आपल्यापर्यंत येतं. पुस्तक थोरच आहे, पण त्याच्या साच्यात महाराष्ट्रातल्या सगळ्या आया ओतल्या, की शेतात राबणारी बाई त्यात मावत नाही. तिचे हात पदराआड जातात.

दादांनी मग हुकमी पान टाकलं. "बरं, बहिणाबाई घे. ती तर अस्सल शेतकरीण. तिला जगापुढं कुणी आणलं? लेकानंच ना?"

गंमत अशी, की बहिणाबाई दोघांनाही हव्या होत्या, आणि दोघांकडंही त्यांच्यावर हक्क सांगायला कारण होतं. जळगावजवळच्या असोद्याला १८८०च्या ऑगस्टमध्ये महाजनांच्या घरी जन्म. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडं. तिशीत वैधव्य. पदरी तीन लेकरं. त्यातल्या ओंकारला प्लेगनं कायमचं अपंगत्व आलं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. रान, जातं, चूल, भाऊबंदकीतल्या वाटण्या, आणि त्या सगळ्यातून तोंडातोंडी येणारी कविता. धाकटा लेक सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी तिच्या तोंडचं जमेल तसं वहीत टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे; २०१८ साली दिलेलं. कधीही शाळेत न गेलेल्या शेतकरणीच्या नावाची पदवी घेऊन दरवर्षी हजारो पोरं बाहेर पडतात.

"बघ," दादा म्हणाले, "लेक लिहिणारा निघाला म्हणून आई राहिली."

"लेकानं आईचं लिहून घेतलं म्हणून राहिली," बहीण म्हणाली. "सोपानदेव स्वतः केवढे कवी. आईवर चार कविता लिहून ते मोकळे होऊ शकले असते. तसं केलं असतं, तर आज बहिणाबाई कोण, हे जळगावात तरी कुणाला माहीत असतं का? दादा, तुम्ही तर मराठीचे मास्तर. मायच्या जात्यावरच्या ओव्या आठवतात?"

"आठवतात."

"एक तरी उतरवून घेतली?"

दादा गप्प. अंगणात मोटारसायकल लावत असलेला मायचा नातूही थांबून ऐकायला लागला.

हा प्रश्न एकट्या दादांना नाही. मराठवाड्यात विजेची गिरणी आली तशी जाती उंबऱ्याबाहेर गेली, आणि जात्यासंगं ओवीही. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यात आहेत. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. ताडकळस नायगावपासून काही फार लांब नाही. म्हणजे आपल्याच गोदाकाठच्या पट्ट्यातल्या बाया काय गात होत्या, हे आज कळतं ते पुण्या-फ्रान्सच्या माणसांनी कान दिला म्हणून. गावातल्या शिकलेल्या लेकांनी तेवढ्या काळात आईवर भाषणं पुष्कळ केली.

हे जरा कडू झालं. पण दादांनीही वार परतवलाच.

"मी ओव्या उतरवल्या नाहीत, कबूल. पण तू तलाठी होतीस ना? बापाच्या हयातीत मायचं नाव सात-बाऱ्यावर चढलं का?"

आता गप्प राहायची पाळी बहिणीची होती. चढलं नव्हतं. बाप वारल्यावर सहा-क ला वारस नोंद झाली, मग फेरफार, तेव्हा कुठं 'मयताची पत्नी' म्हणून मायचं नाव कागदावर आलं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ज्या रानात ती वाकली होती, त्या रानाच्या कागदावर ती आली ती विधवा म्हणून. आणि आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं.

बहिणीनं प्रयत्न केला नव्हता असं नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावानं थोडी तरी जमीन करून द्या. बऱ्याच गावांतल्या शेतकऱ्यांनी ती दिलीही. सरकारनं १५ सप्टेंबर १९९२ला परिपत्रक काढून नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तलाठी लेकीनं कोरा अर्ज घरी आणून बापापुढं ठेवला होता.

"काय म्हणाला बाप?" नातवानं विचारलं.

"म्हणाला, मी मेलो का अजून?"

ओसरीवर सगळेच हसले. पण त्या उत्तरात मराठवाड्याचा अर्धा जमीन-कायदा आहे. बाईचं नाव लावणं म्हणजे पुरुषाच्या मरणाची तयारी, असा समज इथं घट्ट रुतून बसलाय. देशातल्या २०१५-१६च्या कृषी गणनेत शंभरातल्या जेमतेम चौदा वहिवाटदार बाया निघाल्या, त्याचं बरंचसं कारण या एका वाक्यात सापडतं. आणि दादांना टोचलं नाही म्हणून इथं नोंदवतो: बापामागं बहिणीनंही भावाच्या नावे हक्कसोड पत्र करून दिलं होतं. मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला कायद्यात आलं. सही करताना तलाठीणबाईंना ते तोंडपाठ होतं. दिवाळीला माहेर तुटू नये म्हणून त्यांनी सही केली. 'लाडकी बहीण'चे दीड हजार २०२४ला सुरू झाले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मी तर आधीच लई लाडकी आहे.

"पण कागदावर नाव असलं काय न् नसलं काय," दादा म्हणाले, "मायनं कधी मागितलं का? तिला काय फरक पडत होता?"

इथं मात्र बहीण पाटावरून उठलीच. फरक काय पडतो, हे तिनं टेबलावर बसून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पीक कर्ज नाव असलेल्याला. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० नाव असलेल्याला. आता शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही जमिनीला जोडलेला. शेतकरी अपघात विम्याचं सांगताना तर तिचा आवाज चढला. शेतात साप चावून मेलं, वीज पडली, तर वारसांना २ लाख मिळायचे. पण २०१९च्या डिसेंबरात नियम बदलेपर्यंत ते फक्त खातेदार शेतकऱ्यासाठी होते. "सोयाबीन काढताना पान लागलं आणि बाई गेली, तर सरकारच्या लेखी ती शेतकरी नव्हती. विळा तिच्या हातात होता, दादा. पुढं घरातला आणखी एक माणूस त्यात धरला, तेव्हा कुठं बायको बसली."

दादांनी मान हलवली, पण पटकन माघार घेतली नाही. त्यांचा मुद्दा आता वेगळा होता, आणि मला तोही सोडून देण्यासारखा वाटत नाही. ते म्हणाले, आईच्या मायेला भाव लावायला लागलो, तर सगळंच बाजारात बसेल. ती पहाटे उठायची ती मजुरी मिळावी म्हणून नाही. तिच्या जगण्याला ती स्वतः जो अर्थ द्यायची, तो अर्थ लेकरं होती. शिकलेल्या लेकीनं तिच्यावर हिशेब लादला, तर तोही एक साचाच झाला.

"भाव तर कोर्टानं कधीच लावलाय," बहीण म्हणाली. जमशेदपूरला १९८९ साली एका कार्यक्रमात आग लागून बाया-पोरं गेली. त्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली गृहिणीच्या घरकामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०२१च्या जानेवारीत न्यायमूर्ती रमणांनी आणखी एका अपघाताच्या निकालात आकडेच मांडले. २०११च्या जनगणनेत आपलं मुख्य काम घरकाम असं सांगणाऱ्या बाया सुमारे १६ कोटी, पुरुष ५८ लाख. २०१९च्या वेळ-वापर पाहणीत बाईचा दिवसाचा बिनमोल घरकामाचा वेळ २९९ मिनिटं, बाप्याचा ९७. "भाव लागतो, पण अपघात झाल्यावर. जितेपणी कुणी लावत नाही, एवढंच."

"आणि त्या पाच तासांत शेत नाही," तिनं जोडलं. "शेत वेगळं."

मग शेताचाच विषय निघाला, आणि इतका वेळ एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोघं एकदम एका बाजूला आली. विषय होता चाड्याचा, म्हणजे तिफणीवरच्या बी सोडायच्या भांड्याचा.

तिफणीनं पेरणी व्हायची तेव्हाची गोष्ट. बाप बैल हाकायचा, तिफणीवर दाब धरायचा. चाड्यावर मूठ मायची. ओटीत बी. मूठ भरायची, चाड्याच्या तोंडावर धरायची आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडत चालायचं. तिन्ही नळ्यांत सारखे पडले पाहिजेत. मूठ सैल पडली तर रोप दाट येतं आणि खुंटतं. घट्ट धरली तर तास मोकळा जातो. बैल थबकले की मूठ बंद, निघाले की चालू. मागं सरत्यातून दुसरी बाई तूर सोडायची. ज्वारीची मूठ वेगळी, हरभऱ्याची वेगळी. दाणा मोठा, फट मोठी. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. एकरी किती बी जाणार, हे मायच्या तीन बोटांवर ठरायचं, आणि उगवण झाली की पंधरा दिवसांनी सगळं गाव बांधावरून जाता-येता तिची परीक्षा तपासायचं. दादा म्हणाले, "शेजारचे पाटील आपल्या पेरणीला मायला बोलवायला यायचे." बहीण म्हणाली, "बी पण तिचंच असायचं. कणसं ती निवडायची, राखेत घोळून ठेवायची."

"मग हे का नाही लिहिलं लेखात?"

दादा म्हणाले, "हे लिहायचं असतं, हे सुचलंच नाही."

मला या सगळ्या बोलण्यातलं हे वाक्य सर्वांत खरं वाटलं. आईवर लिहायला बसलं, की मराठी लेकाच्या हातून विशेषणं आपोआप उतरतात. तिच्या हातची विद्या उतरत नाही. चाड्यावरची मूठ हे कौशल्य होतं, त्याग नव्हता. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आल्यावर ते गेलं. त्यानंतर नायगावच्या शिवारात बाईचं काम उरलं ते खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीनची कापणी, म्हणजे वाकून करायचं काम. उभ्यानं करायचं, अंदाजाचं, मानाचं काम यंत्रावर गेलं आणि यंत्र पुरुषाच्या ताब्यात. यावर कुणी अभ्यासकानं लिहावं.

लेखात राहून गेलेलं आणखीही निघालं. बहात्तरच्या दुष्काळात माय दोन लेकरं घेऊन रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली होती. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी दादांना आजही आठवते. तीच रोजगार हमी पुढं १९७७ला कायदा झाली. कामावर पुरुषाइतकी मजुरी हातात पडली, ती मायची पहिली स्वतःची कमाई. तिचं काय केलं? दादा म्हणाले, माझी पुस्तकं. बहीण म्हणाली, पुस्तकं नंतर. आधी तिनं शेळी घेतली. त्यावरून पुन्हा जुंपली. शेळी होती हे शेवटी चुलतीनं आतून ओरडून सांगितलं.

येळवसेचं, म्हणजे वेळ अमावास्येला शेतात होणाऱ्या सणाचं, मात्र दोघांच्या आठवणीत एकच निघालं. कडब्याची कोप, दगडाचे पाच पांडव, आदल्या रात्री घुसळलेलं ताक, आंबील, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, मिळेल ती हिरवी शेंग, आंबट ताकात कालवलेलं बेसन आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वाटंनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवायची. वर्षातून एकदाच शेताची मालकीण असल्यागत माय त्या दिवशी हुकूम सोडायची, असं बहीण म्हणाली. दादा म्हणाले, असल्यागत काय, होतीच.

"कागदावर नव्हती," बहीण म्हणाली.

शेतकरीण बाई स्वतःच्या तोंडानं बोलायला लागली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं २०१९च्या जानेवारीत पाहिलं. यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन, आधीच्या पाहुण्यांचं निमंत्रण रद्द झाल्यावर, वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही बायको अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करून लेकरं वाढवत होती. 'तेरवं' नाटकात तिनं आपल्यासारख्यांची कहाणी रंगमंचावरही मांडली होती. साहित्यिकांपुढं ती उभी राहिली तेव्हा तिला कुणाच्या प्रस्तावनेची गरज पडली नाही. दादा त्या वर्षी संमेलनाच्या बातम्या कापून ठेवत होते. कात्रण त्यांनी आणून दाखवलं. बहिणीनं ते वाचलं आणि म्हणाली, "हे जपलंत, ते बरं केलंत."

शेवटी स्मरणिका निघाली. तिच्यात दादांचा लेख आहे, निम्मा झालेला. 'श्यामची आई' पहिल्या ओळीतून गेली आणि चाडं आलं. चुलतीला आणि आत्याला बसवून नातवानं मोबाइलवर भरून घेतलेल्या ओव्यांपैकी काही छापल्यात; कुणाची ओवी, ते नावानिशी. भज्जीचं मापही आहे. मागच्या पानावर मायच्या नावाचा उतारा छापावा, असा बहिणीचा हट्ट होता. भाऊबंदांना ते बरं दिसेना, म्हणून तो राहिला. माझ्या मते तो छापायला हवा होता.

नातू मात्र पुढं गेला. त्याच्या लेकीचा जन्मदाखला १ मे २०२४ नंतरचा, म्हणून नव्या नियमानं तिच्या नावापुढं आधी आईचं नाव आणि मग बापाचं, हे आपसूक झालं. जमिनीचं आपसूक होत नाही. १९९२चं ते परिपत्रक वाचणाऱ्या घरधन्यांसाठी एवढंच सांगून ठेवतो: बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचा अर्ज नवऱ्यालाच करावा लागतो, आणि तो हयात असतानाच.